हा चित्रपट तुमच्या मंडळात दाखवा

उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांचे पदाधिकारी, कार्यकर्ते आणि सभासद यांस,



गणपती, दिवाळी, संक्रांत, पाडवा. महाराष्ट्रातून येणारी नाटके, गाण्यांच्या मैफली, नव्या मराठी चित्रपटांचे खेळ आणि मुलांसाठी सुट्टीच्या दिवशी भरणारी मराठी शाळा. नोकऱ्या सांभाळून, बर्फाचे दिवस काढून, पदरचे पैसे घालून तुमची मंडळे हे सारे उभे करतात. त्या कष्टांची पूर्ण जाण ठेवून हे पत्र लिहिले आहे. तक्रार आहे ती या भरगच्च कार्यक्रमांत कायम वगळल्या जाणाऱ्या एका विषयाची, म्हणजे कृष्णवर्णीयांविषयीच्या आपल्या पूर्वग्रहाची, आणि तो विषय सर्वांत धीटपणे मांडणाऱ्या एका चित्रपटाची.

चित्रपट आहे ‘मिसिसिपी मसाला’. साल १९९१. दिग्दर्शन मीरा नायर यांचे, पटकथा सूनी तारापोरवाला यांची. ‘सलाम बॉम्बे’नंतर या दोघींनी पुन्हा एकत्र येऊन केलेले हे काम. व्हेनिसच्या महोत्सवात त्याच्या पटकथेला पारितोषिक मिळाले. मराठी प्रेक्षकाला त्यात दोन ओळखीचे चेहरे भेटतात. एक डॉ. मोहन आगाशे, म्हणजे ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना फडणवीस. दुसरे मोहन गोखले, ज्यांना दूरदर्शनच्या प्रेक्षकांनी ‘मिस्टर योगी’ मालिकेत अमेरिकेहून वधूसंशोधनासाठी आलेल्या तरुणाच्या भूमिकेत पाहिले. इथे दोघेही मिसिसिपीतल्या भारतीयांच्या गोतावळ्यात वावरतात. ज्या मंडळाने हा चित्रपट आधीच दाखवला असेल, त्याने पुढची तक्रार स्वतःला लावून घेऊ नये. बाकीच्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

गोष्ट अशी आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितले. युगांडात जन्मलेला आणि कंपालात वकिली करणारा जय, त्याची बायको किन्नू आणि लहानगी मीना घरदार टाकून निघतात. इंग्लंडमार्गे ते मिसिसिपीतल्या ग्रीनवुड गावी पोचतात आणि नातेवाइकाच्या मोटेलात राहू लागतात. किन्नू दारूचे दुकान चालवते. चोवीस वर्षांची मीना मोटेलातली न्हाणीघरे साफ करते. जय मात्र जप्त झालेल्या मालमत्तेसाठी युगांडा सरकारकडे अर्जामागून अर्ज पाठवत असतो. एके दिवशी मीनाच्या हातून गाडी पुढच्या व्हॅनवर आदळते. व्हॅन असते डेमेट्रियस विल्यम्सची. गालिचे धुण्याचा छोटा धंदा कर्ज काढून उभा केलेला हा कृष्णवर्णीय तरुण. डेमेट्रियस झाला आहे डेन्झेल वॉशिंग्टन आणि मीना झाली आहे सरिता चौधरी. तिचा हा पहिलाच चित्रपट. ती स्वतः बंगाली वडील आणि इंग्रज आई यांची मुलगी.

अपघातानंतर जे घडते, ते नीट पाहण्यासारखे आहे. डेमेट्रियसने कोर्टात खेचले तर काय, या धास्तीने भारतीय मंडळी त्याच्याशी गोड बोलू लागतात. आपण सगळे रंगाचे लोक, गोऱ्यांच्या देशात आपली एकजूट हवी, असे त्याला ऐकवले जाते. दावा टळतो. पुढे तोच डेमेट्रियस मीनाबरोबर बिलॉक्सीच्या समुद्रकाठी एका खोलीत सापडतो, तेव्हा ही एकजूट कुठल्या कुठे जाते. मारामारी होते, पोलीस येतात, दोघांना पकडून नेतात. मग ग्रीनवुडमधले फोन वाजू लागतात. मोटेलवाले त्याची कामे बंद करतात, बँक कर्जाचा तगादा लावते. दोन वयात आलेल्या माणसांच्या प्रेमाची शिक्षा एका कष्टाळू माणसाच्या पोटावर मारून दिली जाते, आणि ती देणाऱ्यांत आपलीच माणसे पुढे असतात.

आंतरवंशीय प्रेमावरच्या बहुतेक प्रसिद्ध चित्रपटांत पूर्वग्रह बाळगणारी माणसे गोरी असतात. भारतीय प्रेक्षक ते चित्रपट निर्धास्त मनाने पाहू शकतो, कारण त्याचा राग दुसऱ्या कुणावर तरी असतो. ‘मिसिसिपी मसाला’ ती सोय ठेवत नाही. इथे दार लावून घेणारे हात भारतीय आहेत. चित्रपट मंडळांपर्यंत पोचत नाही याचे खरे कारण हेच असावे, असे पत्रलेखकाला वाटते.

यावर एक उत्तर हमखास येते: ती गोष्ट गुजरात्यांची, मोटेलवाल्यांची, मराठी माणूस तिकडे गेला तो शिकून, इंजिनियर किंवा डॉक्टर म्हणून, त्याचा याच्याशी काय संबंध? अमेरिकेतली निम्म्याहून अधिक मोटेले आज भारतीय वंशाच्या लोकांच्या हाती आहेत आणि त्यांत गुजराती पटेलांचा वाटा सर्वांत मोठा, हे खरे. पण चित्रपटातल्या लग्नघरात बायकांची जी कुजबुज चालते, ती ऐकून पाहा. मुलगी सावळी असली तर बापाकडे पैसा हवा. पैसा नसेल तर ती गोरी तरी हवी. सावळीही आणि गरीबही असून मोठ्या घरच्या मुलाची आशा धरणे म्हणजे अतीच झाले, असा तो हिशेब. हे बोलणाऱ्या बायकांपैकी एक स्वतः मीरा नायर झाल्या आहेत. हा हिशेब ज्याने पुण्यात, नागपुरात किंवा सांगलीत कधीच ऐकला नाही, असा मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. ‘गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष’ ही विशेषणे मराठी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींनीच घरोघर पोचवली. ती सामानाबरोबर विमानात चढली, एवढेच.

मग दुसरी तक्रार. मुले वाढत्या वयाची झाली की देशी घरांत एक सूचना कधी उघड, कधी आडून दिली जाते. मराठी मिळाले तर उत्तम, नाहीतर भारतीय, तेही नाही जमले तर ‘अमेरिकन’ चालेल. या वाक्यातला अमेरिकन गोरा असतो, हे घरातल्या दहा वर्षांच्या मुलालाही कळते. काही घरांत तर इंग्रजी अक्षरे जुळवून केलेली बंदी चेष्टेवारी सांगितली जाते: नो बीएमडब्ल्यू, म्हणजे ब्लॅक नको, मुस्लिम नको, व्हाइट नको. त्यातला शेवटचा नकार काळाबरोबर सैल झाला आहे. गोऱ्या सुना आणि जावई नऊवारी नि फेटा घालून मंडळाच्या गणपतीत आरतीला उभे राहतात, त्यांचे कौतुक होते आणि ते व्हायलाच हवे. पहिला नकार मात्र पुष्कळ घरांत जिथल्या तिथे आहे. ज्या घरातल्या मुलीचे किंवा मुलाचे कृष्णवर्णीय जोडीदाराशी लग्न झाले, ते कुटुंब मंडळात हळूहळू दिसेनासे होते. कुणी त्यांना येऊ नका म्हणत नाही. नजरा, अर्धवट प्रश्न आणि ‘मुलगा करतो काय?’ या चौकशीतला सूर तेवढे काम करून जातात.

या चौकशीवरून चित्रपटाच्या इतिहासातली एक गोष्ट सांगायला हवी. १९६७ च्या डिसेंबरात स्टॅन्ली क्रेमर यांचा ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ प्रदर्शित झाला. सिडनी पॉटिए त्यात कृष्णवर्णीय नायक. पण तो कसा? जगभर मान असलेला डॉक्टर, सभ्य, देखणा, आणि गोऱ्या मुलीच्या आईवडिलांची संमती नसेल तर लग्न करणार नाही असे स्वतःहून सांगणारा. त्याच्यात नाव ठेवायला जागाच नाही. चित्रपट त्या काळी धाडसाचा होता, कॅथरिन हेपबर्नला त्यासाठी ऑस्कर मिळाले, तरी कृष्णवर्णीय माणसाने स्वीकारले जाण्यासाठी देवमाणूस असावे लागते ही अट त्याने नकळत पक्की केली. मीरा नायर यांनी ती अट मोडली. डेमेट्रियस डॉक्टर नाही. तो गालिचे धुतो, त्याच्यावर कर्ज आहे, त्याचा धाकटा भाऊ रिकामा हिंडतो, आणि मीनाशी त्याची पहिली जवळीक आपल्या जुन्या मैत्रिणीला जळवण्याच्या इच्छेतून सुरू होते. म्हणजे तो साधा, चुका करणारा, स्वाभिमानी माणूस आहे. ‘शिकलेला असेल तर बघू’ म्हणणाऱ्या पालकांनी सिडनी पॉटिएच्या डॉक्टरपाशी थांबू नये. डेमेट्रियसला जेवायला बोलवायची तयारी आहे का, हा खरा प्रश्न आहे.

या चित्रपटासाठी पैसे उभे करताना नायर यांना विचारले गेले होते की एखाद्या गोऱ्या नायकाला जागा करता येईल का. चित्रपटातले सगळे वेटर गोरे असतील असे मी वचन देते, असे उत्तर त्यांनी दिले. हा किस्सा त्यांनी मुलाखतींत अनेकदा सांगितला आहे. काळ्या आणि सावळ्या माणसांमधली गोष्ट सांगायला मधे गोऱ्याची गरज नाही, हा हट्ट त्यांनी धरला म्हणून हा चित्रपट असा झाला.

आता इतिहासाकडे वळू, कारण तुमच्या मंडळांविषयीची सर्वांत मोठी तक्रार तिथे आहे. अमेरिकेत भारतीय माणूस कसा आला याची जी कथा मुलांना सांगितली जाते, ती बहुधा हुशारी आणि मेहनत या दोनच शब्दांवर उभी असते. दोन्ही खरे आहेत. पण दार उघडले कुणी? १९४६ च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला अवघ्या १०० जणांचा वाटा मिळाला होता. ती कोंडी फुटली ३ ऑक्टोबर १९६५ ला, अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली तेव्हा. १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ च्या ऑगस्टमधला मताधिकार कायदा आणि त्यापाठोपाठ हा. वंशावरून माणसाची लायकी ठरवणे चूक आहे, हे तत्त्व कृष्णवर्णीयांनी लाठ्या, कुत्रे आणि तुरुंग सोसून देशाच्या गळी उतरवले, म्हणून हा कायदा शक्य झाला. तुमच्यापैकी अनेकांच्या आईवडिलांच्या हातातला व्हिसा त्या लढ्याचे देणे आहे.

त्याआधी आपल्या लोकांनी काय केले होते? १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळे. थिंड यांच्या बाजूने सांगितले गेले की ते उच्चवर्णीय आर्य आहेत, म्हणून गोरे आहेत. आणि लग्नसंबंधाच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू आपल्याकडच्या आदिवासींना तसेच लेखतो जसे अमेरिकन निग्रोला लेखतो, असेही मांडले गेले. नागरिकत्व मिळवण्यासाठी आपल्या जातीची शिवाशीव पुरावा म्हणून पुढे करण्यात आली. न्यायालयाने तो दावा फेटाळला. काहींचे आधी मिळालेले नागरिकत्वही मग काढून घेण्यात आले. हे प्रकरण वाचताना मान खाली जाते, आणि ते प्रत्येक मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांना शिकवले जावे असे वाटते.

त्याच काळात दुसरीही माणसे होती. कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल खोऱ्यात शेती करणाऱ्या पंजाबी शिखांनी मेक्सिकन बायकांशी लग्ने केली. बंगाली फेरीवाले न्यू ऑर्लिन्समध्ये आणि बंगाली खलाशी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कृष्णवर्णीय वस्त्यांत राहिले, तिथल्याच मुलींशी संसार थाटले. विवेक बाल्ड यांनी हा इतिहास पुस्तकरूपाने समोर आणला आहे. १९६३ मध्ये श्यामला गोपालन या तमिळ विद्यार्थिनीने जमैकाहून आलेल्या डोनाल्ड हॅरिस यांच्याशी लग्न केले. कॅलिफोर्नियात ते कायदेशीर होते, कारण तिथल्या न्यायालयाने १९४८ सालीच बंदी उठवली होती. देशातल्या पुष्कळ राज्यांत तेव्हा गोऱ्या-काळ्यांचे लग्न गुन्हा होते. त्यांची मुलगी कमला देशाची उपाध्यक्ष झाली, तेव्हा देशी घरांत पेढे वाटले गेले. मुलीचे कौतुक करताना आईच्या निर्णयाकडेही पाहायला हवे होते.

आणि चित्रपटातले ग्रीनवुड? दिग्दर्शिकेने ते गाव सहज निवडलेले नाही. तिथून काही मैलांवर मनी नावाचे खेडे आहे. १९५५ च्या ऑगस्टमध्ये एमेट टिल हा चौदा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा तिथल्या दुकानातल्या गोऱ्या बाईशी सलगीने वागला या आरोपावरून हाल करून मारला गेला. मारेकरी निर्दोष सुटले. ग्रीनवुडमध्येच जून १९६६ मध्ये नागरी हक्क चळवळीतले नेते स्टोकली कारमायकल यांनी ‘ब्लॅक पॉवर’ची घोषणा दिली. १२ जून १९६७ ला रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या आंतरवंशीय जोडप्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने आंतरवंशीय विवाहांवरची बंदी घटनाबाह्य ठरवली. तेव्हाही १६ राज्यांत ती होती. मिसिसिपीच्या घटनेतले बंदीचे कलम तर १९८७ पर्यंत कागदावर राहिले, ते मतदान घेऊन काढावे लागले. मीना आणि डेमेट्रियस यांची गोष्ट घडते १९९० मध्ये, म्हणजे त्यानंतर जेमतेम तीन वर्षांनी. या मातीत येऊन ज्यांनी मोटेले उघडली त्यांना हा इतिहास ठाऊक असणे बंधनकारक नव्हते, पण त्यातला पूर्वग्रह मात्र त्यांनी विनाशुल्क घेतला.

जय या माणसाविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण चित्रपटाचे मोठेपण त्याच्यात आहे. रोशन सेठ यांनी तो उभा केला आहे आणि किन्नू झाल्या आहेत शर्मिला टागोर. जय दुष्ट नाही. कंपालात त्याचा जिवाभावाचा मित्र ओकेलो कृष्णवर्णीय होता. जयने अमीनविरुद्ध उघड बोलून तुरुंग ओढवून घेतला, तेव्हा ओकेलोनेच त्याला सोडवून आणले. पण ओकेलोच त्याला सांगतो की आफ्रिका आता आफ्रिकनांची आहे, काळ्यांची. ते शब्द जयच्या काळजात रुततात. निघताना तो मित्राचा निरोपही घेत नाही. डेमेट्रियस समोर येतो तेव्हा जयला त्याच्यात आपली मुलगी हिरावून घेणारा माणूस दिसतो आणि अठरा वर्षांपूर्वीची जखमही दिसते. माणसे शेवटी आपापल्यांनाच धरून राहतात, हा त्याचा अनुभवाने कमावलेला निष्कर्ष. तो पोरीवर लादायचा हक्क आपल्याला आहे असे त्याला वाटते.

डेमेट्रियस त्याच्या तोंडावर उत्तर देतो. तुम्ही लोक कुठून कुठून येता आणि आल्याबरोबर गोऱ्यांसारखे वागून आम्हाला पायपुसणे करता, तुमच्या आणि माझ्या कातडीत काही छटांचा फरक आहे, अशा अर्थाचे तो बोलतो. वॉशिंग्टनचा आवाज त्या प्रसंगात फारसा चढत नाही, म्हणून ते अधिक लागते. चित्रपटातला हा एक प्रसंग दाखवून मंडळात अर्धा तास बोलले गेले तरी पुष्कळ होईल.

स्वतः अन्याय सोसलेला माणूस दुसऱ्यावर अन्याय करू शकतो, हे जयच्या गोष्टीत दिसते. मंडळांच्या व्यासपीठांवर भारतीयांना सोसाव्या लागणाऱ्या वर्णद्वेषाची चर्चा होते आणि ती योग्यच आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामात नातवाला सांभाळायला आलेल्या एका गुजराती आजोबांना पोलिसाने रस्त्यावर आपटले आणि त्यांना पक्षाघात झाला. शेजाऱ्याने पोलिसांना फोन करून एक काळा माणूस फिरतो आहे असे कळवले होते. त्या वेळी देशी घरांत संताप उसळला. आजोबांना ‘काळा’ समजले म्हणून तो संताप होता, की काळ्या माणसाला असे वागवले जाते म्हणून होता? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने आपल्याशी द्यावे.

बाजू न्याय्यपणे मांडायची तर चित्रपटावरचे आक्षेपही सांगायला हवेत. बेल हुक्स आणि अनुराधा डिंगवानी या समीक्षकांनी १९९२ मध्ये त्यावर कडक टीका केली होती. युगांडातल्या काळ्या माणसांना ओकेलोव्यतिरिक्त फारसा आवाज मिळत नाही, आशियाई व्यापाऱ्यांविषयी तिथे राग का साठला होता याचा शोध अपुरा राहतो, हे पत्रलेखकालाही जाणवते. दुसरीकडे डेमेट्रियसच्या घरचा मेळावा बघा. कधीही आफ्रिका न पाहिलेले ते कुटुंब कधीही भारत न पाहिलेल्या मीनाला जवळ बसवून घेते, तिची कहाणी विचारते, आणि दोघांच्या भटकंतीत साम्य शोधते. मीनाच्या घरी डेमेट्रियसला हे कधीच मिळत नाही. पुढे धंदा बुडायला लागल्यावर त्याच्याही घरी नाराजी उमटते, पण तिचे कारण भीती आहे, तुच्छता नाही. हे दोन घरांमधले अंतर दिग्दर्शिकेने कुठलेही भाषण न देता दाखवले आहे.

पत्र पुण्याहून लिहिले जात आहे, तेव्हा इथल्याविषयीही बोलले पाहिजे. आफ्रिकेतून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना इथे घर भाड्याने मिळवताना काय ऐकावे लागते, ते या शहराला माहीत आहे. हा दोष तिकडे जन्मलेला नाही. पण तुम्ही जिथे राहता, तिथे तुमचे शेजारी, सहकारी, मुलांचे मित्र आणि मैत्रिणी कृष्णवर्णीय आहेत; म्हणून तुमच्याकडे अधिक मागायचे धाडस होते. शिवाय मराठी माणसाकडे या विषयात एक अशी शिदोरी आहे जी इतर भारतीय भाषिकांपैकी फार थोड्यांकडे असेल.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी त्याग केला. पुण्यात बसून, समुद्र न ओलांडता, त्यांनी दोन गुलामगिऱ्यांचे नाते ओळखले. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते, हार्लेमच्या अगदी शेजारी. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले आणि अमेरिकन निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह, असे १९३६ मध्ये सांगणारेही तेच. आणि १९७२ मध्ये, ज्या वर्षी जयसारख्यांना युगांडातून हाकलले गेले त्याच वर्षी, मुंबईत दलित पँथर उभी राहिली, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर चळवळीच्या नावावरून. ग्रीनवुडमध्ये उठलेल्या हाकेचा पडसाद मराठीत आला तो असा. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रोंच्या साहित्यावर आणि संस्कृतीवर मराठीत पुस्तक लिहिले. हा वारसा मंडळात एप्रिलमध्ये जयंतीला तसबिरीवर हार घालण्यापुरता उरला असेल, तर ती फुले-आंबेडकरांची उपेक्षा आहे, आणि हे शब्द पूर्ण विचारांती वापरले आहेत.

मागण्या थोड्याच आहेत. ज्या मंडळांच्या वधूवर मेळाव्यांच्या अर्जांत वर्णाचा रकाना अजून असेल, त्यांनी तो आजच काढून टाकावा. एका मोठ्या विवाहविषयक संकेतस्थळाने २०२० मध्ये त्वचेच्या रंगावरून स्थळे गाळण्याची सोय बंद केली; त्यासाठी सह्यांची मोहीम अमेरिकेत राहणाऱ्या एका भारतीय तरुणीनेच चालवली होती. स्वयंसेवी मंडळाला हे करायला एवढे कष्टही पडणार नाहीत. मराठी शाळेत फुल्यांचा धडा असेल तिथे त्या अर्पणपत्रिकेविषयी आणि १९६५ च्या कायद्याविषयी मुलांना एक तास द्यावा. मोठ्या अधिवेशनांत गुंतवणूक, आरोग्य, उद्योजकता यांवर परिसंवाद होतात, तसा एक कृष्णवर्णीय आणि मराठी जोडप्यांच्या संसारावर व्हावा, त्यात त्या जोडप्यांनीच बोलावे. जी कुटुंबे मंडळातून गळाली आहेत, त्यांच्या घरी अध्यक्षांनी किंवा सचिवांनी स्वतः जाऊन गणपतीचे आमंत्रण द्यावे, जोडीदाराचे नाव घालून, आणि त्यांच्या मुलांना आरतीच्या ताटाशी उभे करावे.

चित्रपटाचे म्हणाल, तर तो मिळवणे अवघड नाही. २०२२ मध्ये क्रायटेरियन या चित्रपट-वितरण कंपनीने त्याची नव्याने संस्कारित प्रत आणली, ती सुरेख आहे. छायालेखन एड लॅकमन यांचे, संगीत एल. सुब्रमण्यम यांचे, मोठ्या पडद्यावर बघण्यासारखा ऐवज आहे. लांबी दोन तासांच्या आत. फक्त तरुणांसाठी तो लावू नका. आजी-आजोबा आणि नातवंडे एका रांगेत बसायला हवीत. त्यात शरीराच्या जवळिकीचे प्रसंग आहेत, तेव्हा लहान मुलांची वेगळी सोय करा आणि तसे आधी कळवा. खेळानंतर जवळच्या विद्यापीठात कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकांना किंवा शेजारच्या चर्चमधल्या मंडळींना बोलवा, त्यांना काय दिसले ते आधी ऐकून घ्या, मग आपले सांगा. फेब्रुवारी हा तिकडे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना असतो. संक्रांतीचे हळदीकुंकू आटोपत आलेले असते आणि पाडव्याच्या तालमी अजून सुरू व्हायच्या असतात. त्या महिन्यातला एक शनिवार यासाठी राखून ठेवावा आणि तारीख कार्यकारिणीच्या पुढच्याच बैठकीत पक्की करावी, ही आग्रहाची विनंती.



आपला स्नेहाकांक्षी,
एक मराठी चित्रपटरसिक
पुणे